टेबलावरील फुटबॉल आणि वांकलेली सळई

बोईसर-तारापूरच्या बाजूस ‘सळई’ हा शब्द उच्चारला, तर ऐकणारा कोण आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. १९६९ सालीं सुरू झालेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याच्या डोळ्यांपुढें इंधनाची किंवा नियंत्रणाची सळई उभी राहते. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांत नियंत्रक सळया वरून खालीं नव्हे, तर खालून वर सरकतात, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. बोईसर स्थानकाच्या पश्चिमेस औद्योगिक विकास महामंडळाची जी विस्तीर्ण वसाहत आहे, तेथील कामगारास सळई म्हटली कीं पोलादाचा चकचकीत बार आठवतो. या दोन्ही सळयांची काळजी वाहणारीं मोठीं खातीं आहेत, त्यांचीं मापें ठरलेलीं आहेत, त्यांच्यावर तपासनीस नेमलेले आहेत. प्रस्तुत भाषणाचा विषय मात्र तिसरीच एक सळई आहे. कारखान्याच्या उपाहारगृहाशेजारच्या खोलींत, वसाहतीच्या क्लबांत, एखाद्या शाळेच्या क्रीडागृहांत टेबलावरील फुटबॉलचें, म्हणजे नवी पिढी ज्याला फूसबॉल म्हणते त्या खेळाचें टेबल असतें. त्या टेबलांतून आरपार गेलेली ही सळई होय. तिला तपासनीस नाहीं. ती वांकली कीं टेबल भिंतीकडे सरकतें, त्यावर जुनीं वर्तमानपत्रें सांचूं लागतात, आणि वर्षभरानें भंगारवाला तें वजनावर घेऊन जातो.

जेथें पोलादाच्या सळया रोज टनावारी तयार होतात, त्या गांवांत एका सळईपायीं आख्खें टेबल मोडींत निघावें, हें विचित्रच म्हटलें पाहिजे.

खेळ साधा आहे. चौकोनी पेटीवजा टेबल, त्यांत आठ सळया आडव्या, प्रत्येक पक्षाच्या चार. बहुतेक टेबलांवर गोलरक्षकाच्या सळईवर एक बाहुला, बचावाच्या सळईवर दोन, मध्यावर पांच आणि आघाडीवर तीन, असे अकरा गडी एका बाजूस असतात. सळई पुढें-मागें सरकवावयाची आणि मनगटाच्या झटक्यानें फिरवावयाची. साऱ्या खेळाचा जीव या दोन हालचालींत आहे. या खेळाचा जनक कोण, यावर युरोपांत अद्याप वाद आहे. इंग्लंडांत हॅरोल्ड सर्ल्स थॉर्नटन यास १९२३ सालीं अशा टेबलाचें पेटंट मिळालें. आडव्या टाकलेल्या आगकाड्यांच्या पेटीवरून त्यास ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. आगकाडीची सळई ही कल्पना खोटी असली तरी सुबक आहे. स्पेनमध्यें मात्र हा मान अलेहांद्रो फिनिस्तेरे या गॅलिशियन कवीस देतात. यादवी युद्धांतील बाँबवर्षावांत तो जखमी झाला, आणि रुग्णालयांत हातपाय गमावलेलीं मुलें पाहून, ज्यांना मैदानावर कधींच धांवतां येणार नाहीं त्यांच्यासाठीं त्यानें एका सुताराकडून असें टेबल करवून घेतलें, असें तो सांगत असे. १९३७ सालचे त्याचे पेटंटाचे कागद फ्रान्सकडे पळून जातांना पावसांत भिजून नाहींसे झाले, असेंहि त्याचें सांगणें होतें. २००२ सालीं या खेळाचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. असो. कर्ता कोणीहि असला तरी ज्याला धांवतां येत नाहीं त्यालाहि फुटबॉल खेळतां यावा, ही या टेबलाची खरी थोरवी आहे. आणि ती सर्वस्वी सळईच्या सुरळीत फिरण्यावर अवलंबून आहे. ज्याच्या हातांत जोर थोडा आहे, त्याला अडकणारी सळई म्हणजे बंद झालेला दरवाजाच.

सळई वांकते ती खेळतांना क्वचितच. ती वांकते टेबल उचलतांना. खोली रंगवावयाची असते, चार माणसें येतात, पेटीच्या तळाला हात घालण्याऐवजीं सोयीची म्हणून सळई धरतात, आणि साऱ्या टेबलाचा भार क्षणभर दोन सळयांवर येतो. दुसरें कारण म्हणजे मध्यान्हीच्या सुटींत टेबलाच्या कडेवर बसून सळईवर पाय ठेवणारीं मंडळी. गोल झाल्याच्या आनंदांत सळईवर ओणवें होऊन सारा देह लोटून देणाऱ्यांचा क्रमांक त्यानंतरचा. झीज ही याहून निराळी गोष्ट आहे. ती हळूहळू होते, आणि समुद्रकांठच्या हवेंत अधिक होते. चिंचणी, तारापूर, दांडी या किनाऱ्याकडील खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्यापुढें स्वस्त टेबलांच्या सळईवरचा क्रोमचा पातळ मुलामा फार काळ टिकत नाहीं. मुलाम्यांत सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांतून ओल आंत जाते, खालचें साधें लोखंड गंजतें, गंज फुगतो आणि मुलामा खपलीसारखा सुटतो. त्या खपलीची धार चाकूसारखी असते. सळई ज्या नायलॉनच्या बुशांतून सरकते तो बुश ती खरवडून काढते, आणि बुश सैल झाला कीं सळई त्यांत वर-खालीं नाचूं लागते. येथें पुष्कळ लोक तेलाची कुपी हातीं घेतात. घरांत खोबरेल असतेंच! खोबरेलानें दोन दिवस सळई लोण्यासारखी चालते, मग धूळ बसून तेथें काळा चिकटा तयार होतो आणि मैदानावर डाग पडतात. थंडीच्या सकाळीं तर तें थिजतें. यंत्राचें तेल रबरी कड्यांना खातें. सळई कोरड्या फडक्यानें पुसून त्यावर सिलिकोनचे एक-दोन थेंब द्यावे, एवढेंच तिला पुरे असतें.

आतां एक गोष्ट आग्रहानें सांगण्यासारखी आहे. अडकणारी प्रत्येक सळई वांकलेली नसते. पुष्कळ वेळां वांकलेली असते ती पेटी. हीं टेबलें बहुधा लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचीं असतात. पालघर जिल्ह्याच्या पावसाळ्यांत अशी फळी ओल पिऊन फुगते, समोरासमोरचीं दोन भोकें एका रेषेंत राहत नाहींत, आणि सरळ सळईसुद्धां त्यांत चिंबते. अशा टेबलाला नवी सळई घातली तर तीहि अडकते, आणि मग दुकानदाराला दोष दिला जातो. म्हणून सळई बाहेर काढल्यावर दोन्ही बुशांतून एक दोरा ताणून धरावा. दोरा दोन्ही भोकांच्या मध्यावरून जात नसेल तर दुरुस्ती फळीची आहे, सळईची नव्हे. सळईची परीक्षा स्वतंत्रपणें करावी. जाड सपाट कांचेवर ती हलकेच घरंगळूं द्यावी. सरळ असेल तर ती सारख्या आवाजानें जाते. वांकली असेल तर एका जागीं उचंबळते, आणि तिच्याखालून उजेडाची फट उघडझांप करते. बोईसरच्या एखाद्या लेथवाल्याकडे डायल गेज असेल तर वांक नेमका किती तेंहि कळेल. परंतु घरच्या कामाला कांच पुरते.

वांक सांपडला कीं पुढचा प्रश्न: सरळ करावी कीं बदलावी? याचें उत्तर सळई भरीव कीं पोकळ यावर आहे. भरीव सळई दोन लाकडी ठोकळ्यांवर टेकवून, उंचवट्यावर व्हाइसच्या किंवा हातप्रेसच्या दाबानें थोडथोडी खालीं आणतां येते. प्रत्येक दाबानंतर कांचेवर पाहावें, आणि हातोडी मारण्याचा मोह आवरावा. पोकळ सळईचें तसें नाहीं. ती वांकते तेथें तिचा गोल चपटा होतो, आणि बाहेरून सरळ केली तरी चपटेपणा जात नाहीं. बुशांतून तो भाग जातांना दर वेळीं अडतो. शिवाय एकदां मुडपलेली नळी त्याच जागीं पुन्हां मुडपते. अशी सळई बदलावी. तिच्यावर मेहनत घालणें व्यर्थ आहे.

मग भरीवच कां घालूं नये, असें कोणी विचारील. सोळा मिलिमीटर व्यासाची भरीव पोलादी सळई मीटरला सुमारें १.५८ किलो भरते. त्याच व्यासाची, दोन मिलिमीटर जाडीच्या भिंतीची पोकळ सळई सुमारें ०.६९ किलो. म्हणजे वजन निम्म्याहूनहि कमी. परंतु ताठपणा हिशेबानें पाहिला तर भरीव सळईच्या दोनतृतीयांशांहून किंचित् अधिकच राहतो. सळईच्या मध्यभागचें पोलाद वजन वाढवितें, वांकण्याला विरोध मात्र फारसा करीत नाहीं, हें त्याचें कारण. लहान मुलाच्या किंवा म्हाताऱ्याच्या हाताला हा वजनाचा फरक लगेच कळतो. तेव्हां पोकळ सळई हा कंजूषपणा नसून शहाणपणा आहे, मात्र तिची भिंत पुरेशी जाड असली पाहिजे. बाजारांत पडदे लावण्याची स्टेनलेसची जी चकचकीत नळी मिळते ती दिसायला हुबेहूब असते. तिची भिंत मात्र पातळ, आणि एका बाजूनें जोडाची शिवण गेलेली. ती घालून टेबल आठ दिवस शोभून दिसतें.

मापाचा विषय आला कीं खरी फसगत होते. पालघर-बोईसरच्या लोखंडाच्या दुकानांत अजूनहि इंच-सुताची भाषा चालते. इंचाचे आठ सूत. पांच सूत म्हणजे पांच अष्टमांश इंच. बांधकामावर सोळा मिलिमीटरच्या बारालाच सर्रास ‘पांच सूत’ म्हणतात, आणि सिमेंटांत पुरून टाकावयाच्या सळईला त्यानें कांहीं बिघडत नाहीं. टेबलावर बिघडतें. पांच सूत म्हणजे १५.८७५ मिलिमीटर, सोळापेक्षां अष्टमांश मिलिमीटरनें कमी. केंसाहून थोडीशीच जाड अशी ही तफावत, परंतु नव्या बुशांतला मोकळेपणा खाऊन टाकण्यास ती समर्थ आहे. अमेरिकी धर्तीचीं टेबलें बहुधा पांच सुताचीं असतात, युरोपीय धर्तीचीं पुष्कळदां सोळा मिलिमीटरचीं, आणि कांहीं स्वस्त टेबलें अर्ध्या इंचाचीं. म्हणून दुकानांत जातांना तोंडी माप सांगूं नये. जुन्या सळईचा न झिजलेला तुकडा, म्हणजे मुठीच्या आंत लपलेला भाग, व्हर्निअरनें मोजून घ्यावा, आणि जुना बुश खिशांत घेऊन जावें. झिजलेल्या भागावर माप घेतलें तर सळई नेहमींच बारीक ठरते.

योग्य सळई कोणती? समुद्राजवळच्या टेबलाला मुलाम्याच्या लोखंडापेक्षां स्टेनलेस पोलाद अधिक हितावह. तें महाग पडतें खरें, परंतु सोलून निघण्यासारखें त्यावर कांहीं नसतें. जुन्या सळईवर पुन्हां क्रोम चढवून घेण्याची कल्पना सुचते. ती टाळलेली बरी. क्रोमच्या हौदांतलें सांडपाणी विषारी असतें. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याचें गाऱ्हाणें येथील मच्छीमारांनीं राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेलें आहे, आणि एका खेळाच्या टेबलासाठीं त्यांत भर घालण्याची गरज नाहीं. उलट, स्टेनलेसचे चकचकीत बार तर याच वसाहतींत तयार होतात. विराज प्रोफाइल्ससारखे येथील कारखाने ते परदेशीं पाठवितात. तप्त लाटलेली सळई आम्लांत धुऊन घेतात, मग तिच्याहून किंचित् बारीक छिद्राच्या साच्यांतून ती खेंचतात, रुळांमधून सरळ करतात, आणि शेवटीं दोन चाकांमध्यें घांसून तिला नेमकें माप देतात. सोळा मिलिमीटरच्या अशा बारांत नेहमींच्या प्रतीला मिलिमीटरच्या सुमारें चार शतांशांएवढीच सूट असते, आणि तीहि उणेकडे. अधिकाकडे मुळींच नाहीं. टेबलाला याहून काटेकोर सळई लागत नाहीं. कारखाना एक सळई विकत नाहीं, हें उघड आहे. परंतु लेथवाल्यांकडे बारांचे उरलेले तुकडे असतात, आणि नळी विकणाऱ्यांकडे जाड भिंतीची, शिवण नसलेली नळी मागवून मिळते. लांबी मात्र जुन्या सळईशीं तंतोतंत जुळवावी. सळई एका बाजूस पूर्ण ढकलली असतां तिचें दुसरें टोंक बुशांतून आंत निसटतां कामा नये, आणि ती भिंतीपलीकडे वाजवीपेक्षां अधिक बाहेरहि येतां कामा नये.

हें दुसरें वाक्य सहज वाटतें, परंतु या साऱ्या विषयांतलें तें सर्वांत महत्त्वाचें आहे. एका खेळाडूनें सळई जोरानें ढकलली कीं समोरच्या बाजूस तिचें टोंक हातभर बाहेर येतें. मोठ्या माणसाच्या तें पोटाखालीं लागतें आणि हंशा पिकतो. परंतु टेबलाशीं उभें राहून खेळ पाहणाऱ्या तीन-चार वर्षांच्या मुलाचें तोंड साधारण त्याच उंचीवर असतें. टोंकावरची रबरी टोपी हरवलेली असेल, तर तेथें उघड्या नळीची गोल धार असते. टेबलाची दुरुस्ती महिनाभर लांबली तरी चालेल. ही टोपी मात्र त्याच दिवशीं बसवावी, आणि ती मिळेपर्यंत टेबलावर खेळ बंद ठेवावा. ज्या घरांत, शाळेंत किंवा क्लबांत लहान मुलें वावरतात, तेथें दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणें एकांत एक सरकणाऱ्या सळया असलेलें टेबल घेणें उत्तम. त्यांचें टोंक पलीकडे बाहेर येतच नाहीं. मात्र त्यांची झीज आंत दडलेली असते. आंतली सळई वांकली कीं बाहेरच्या नळीलाहि ती आंतून खरवडते, म्हणून तेथें दोन्ही एकदम बदलाव्या. एक नवी व एक जुनी अशी जोडी फार दिवस सुखानें नांदत नाहीं.

सळई काढण्यापूर्वीं तिच्यावरील सर्व वस्तूंचा क्रम लिहून ठेवावा किंवा छायाचित्र घ्यावें. मूठ, बुश, वायसर, रबरी कडें, बाहुले, पुन्हां रबरी कडें, वायसर, बुश आणि टोपी, असा तो साधारण असतो. रबरी कडें घालावयाचें विसरलें आणि शेवटची पिन ठोकून झाल्यावर तें टेबलावर हसत पडलेलें दिसलें, असें पहिल्या खेपेस बहुतेकांच्या बाबतींत होतें. बाहुल्यांच्या पिना बाहेर काढतांना पिनेच्याच जाडीचा पंच घ्यावा. खिळा घेतल्यास पिनेचें तोंड पसरतें आणि बाहुला फुटतो.

नव्या सळईला भोकें पाडणें हें या कामांतलें कसबाचें अंग. सारीं भोकें सळईच्या एकाच रेषेवर पडलीं पाहिजेत, नाहीं तर एक बाहुला सरळ आणि शेजारचा ताडी प्याल्यासारखा कललेला राहतो. गोल सळईवर सरळ रेषा ओढण्यासाठीं लोखंडी अँगलचा तुकडा तिच्यावर पालथा घालावा. तो आपोआप सळईशीं समांतर बसतो, आणि त्याच्या कडेनें सुईनें रेघ ओढतां येते. मग जुनी सळई शेजारीं बांधून भोकांच्या जागा उतरवून घ्याव्या. प्रत्येक जागीं पंचानें खूण करून, सळई खांचेच्या ठोकळ्यांत बसवून, उभ्या ड्रिलखालीं आधीं बारीक आणि मग पिनेच्या मापाचें भोंक पाडावें. हातांत धरलेल्या ड्रिलनें हें काम करूं नये. गोलावरून टोंक घसरतें, आणि दुसऱ्या बाजूस भोंक भलतीकडे निघतें. ज्यांना स्वतःवर एवढा विश्वास नाहीं त्यांनीं लेथवाल्याकडे किंवा एखाद्या डायमेकराकडे जावें. चिंचणी-तारापूरकडे दागिन्यांचे ठसे पोलादावर कोरण्याचा धंदा आहे. फुलाच्या पाकळीची शीर पोलादांत उठविणाऱ्या हाताला बारा भोकें एका ओळींत पाडणें हें चहाच्या वेळेचें काम.

जुनी सळई फेंकून दिली असेल किंवा भलतीच मापें घालून कोणी ती आधींच बदलली असेल, तर बाहुल्यांमधील अंतर नव्यानें काढावें लागतें. त्याचा नियम असा कीं सळई एका कडेला पूर्ण नेली असतां शेवटचा बाहुला आणि भिंत यांमध्यें चेंडू निसटण्याइतकी जागा उरूं नये. चेंडू सुमारें ३५ मिलिमीटर व्यासाचा असतो. तसेंच एका बाहुल्याची धांव जेथें संपते तेथवर शेजारच्याची पोहोंचली पाहिजे. नाहीं तर मैदानावर एखादा असा पट्टा राहतो कीं तेथें चेंडू थांबला तर कोणाचाहि पाय लागत नाहीं, आणि मग टेबल हलविणें किंवा फुंकर घालणें हे अनधिकृत नियम रूढ होतात.

सळईबरोबर दोन्ही बुश बदललेच पाहिजेत. जुन्या बुशांत नवी सळई म्हणजे झिजलेल्या जोड्यांत नवे पाय. बुश स्वस्त असतात. दोन भागांत उघडणारे असतील तर सळई न काढतां बदलतां येतात. स्क्रू आवळतांना समोरासमोरचे आळीपाळीनें, थोडथोडे आवळावे आणि प्रत्येक आवळ्यानंतर सळई फिरवून पाहावी. काम संपलें कीं बाहुले आडवे करून सळई हलकेच सोडावी. बाहुल्यांचीं डोकीं आणि पाय सारख्या वजनाचे असतील तर ती जेथें सोडली तेथेंच स्थिर राहते. पाय जड असतील तर दोन-चार हेलकावे घेऊन थांबते. मध्येंच अचकन् थांबली तर एखादा बुश अद्याप तिरपा आहे.

जो बार किंवा नळी आणली असेल तिच्यांतूनच गोलरक्षकाची एक जादा सळई कापून घेतलेली बरी, कारण सर्वांत अधिक हाणामारी तिच्याच वांट्याला येते. ती तेलकागदांत गुंडाळून कपाटांत उभी ठेवावी, आणि चिठ्ठीवर माप मिलिमीटरमध्यें लिहावें, सुतांत नव्हे.